ओकची आठ कपाटं

धाकटीला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, त्या दिवशी तिच्या बाबांनी गल्लीभर सांगून टाकलं की आमची पोरगी आता डॉक्टर होणार. संध्याकाळपर्यंत समोरच्या घरातल्या आजी दुखरा गुडघा घेऊन हजर.

"नुसतं बघून सांग गं, पाणी काढावं लागेल का?"

धाकटी म्हणाली, "आजी, मी माणसांची डॉक्टर नाही होणार. जुन्या वस्तूंची होणार."

आजींनी क्षणभर विचार केला. "मग तर बघच. बहात्तर वर्षं वापरातला आहे."

धाकटी म्हणजे तीन बहिणींतली शेवटची. थोरल्या दोघी आपापल्या संसाराला लागल्या होत्या. ही रसायनशास्त्र शिकली आणि नगरपालिकेच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत चिकटली. रोज सकाळी चाळीस बाटल्या यायच्या, चाळीसही बाटल्यांत क्लोरीन किती ते बघायचं, वहीत लिहायचं, बाटल्या धुवायच्या. अशी सहा वर्षं गेली. एकदा एका बाटलीत गंजाचा पापुद्रा आला, नखाएवढा. शंभर वर्षं जुन्या नळाचा तो तुकडा तिने भिंगाखाली धरला, तर आत केकसारखे थर दिसले, काळा, तांबडा, पिवळा. ती साहेबांकडे धावत गेली. साहेब म्हणाले, "पाणी कसं आहे? चांगलं आहे ना? मग झालं. पाईप हा आपला विषय नाही."

तो पापुद्रा तिने काड्यापेटीत घालून घरी आणला. पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रात विद्यापीठाची जाहिरात आली: वारसा विज्ञानात संशोधनाचं प्रशिक्षण, चार वर्षं, पाच जागा. जुन्या वस्तू, कागद, चित्रं, इमारती कशामुळे झिजतात, कुजतात, गंजतात आणि त्यांना टिकवायचं कसं, याचं शास्त्र. म्हणजे पाईप हाच विषय असलेली माणसं जगात होती. एकतिसाव्या वर्षी धाकटीने अर्ज भरला.

घरात खाली सुतारकामाचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या. कारखाना बाबांचा आणि काकांचा. दोघे सख्खे भाऊ, एकाच बापाच्या हाताखाली शिकलेले, पण एकाचा पाय पूर्वेला तर दुसऱ्याचा पश्चिमेला. बाबांचं काम म्हणजे दरवाजा बंद केला की फटीत पत्र्याचं पातंसुद्धा शिरायचं नाही. एका सांध्यावर ते अर्धा दिवस घालवत आणि मग त्यावरून अंगठा फिरवत स्वतःशीच हसत. काकांचं काम झटपट. दुपारी मोजमाप, संध्याकाळी दार. बसलं तर बसलं, नाही बसलं तर पॅकिंग आहेच. "अरे, दार आहे हे," बाबा म्हणत, "झोळीचं तोंड नाही." काका म्हणत, "दादा, तुझ्या दाराआड माणूस गुदमरून मरेल." तीस वर्षं हा संवाद चालला होता. घरातल्या बायकांनी त्याकडे लक्ष देणं कधीच सोडलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी शहराच्या संग्रहालयाने या दोघांकडून ओकच्या लाकडाची, काचेच्या दारांची आठ मोठी कपाटं करून घेतली होती. ती बाबांच्या आयुष्यातली सगळ्यात मानाची ऑर्डर. संग्रहालयाने दिलेलं प्रशस्तिपत्र चौकटीत घालून कारखान्यात लावलेलं होतं. खुर्चीचा पाय बसवायला आलेल्या माणसालासुद्धा त्या कपाटांची गोष्ट ऐकल्याशिवाय परत जाता येत नसे.

प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष धाकटीला वाटलं होतं त्यापेक्षा फारच वेगळं निघालं. तिला वाटलं होतं, गेल्या गेल्या मोठमोठी यंत्रं हाताळायला मिळतील. मिळालं काय, तर एक जुना चमचा. पाच विद्यार्थ्यांना पाच वस्तू दिल्या, टेबलावर ठेवल्या आणि तीन दिवस नुसतं बघा म्हणून सांगितलं. हात लावायचा नाही. मार्गदर्शक बाई, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पहिला महिना सगळ्यांनी हात खिशात ठेवायचे. ज्यांना खिसे नाहीत त्यांनी शिवून घ्यायचे."

धाकटीने चमच्याचं पानभर वर्णन लिहून दिलं. बाईंनी ते वाचलं आणि परत केलं. "सुबक, नाजूक, उजळ, देखणा. हे चमच्याचं वर्णन आहे की लग्नाच्या स्थळाचं? डाग कुठे आहे? दांड्यापासून किती मिलिमीटरवर? ओरखडे कोणत्या दिशेने गेलेत? तो चमचा धरणारा माणूस उजवा होता की डावरा?"

तो माणूस डावरा होता. ते कळायला तिला आणखी दोन दिवस लागले, आणि ज्या क्षणी कळलं त्या क्षणी तिच्या अंगावर काटा आला. सहा वर्षं पाणी तपासून असं कधी झालं नव्हतं.

बरोबरच्या चौघांत तिची गट्टी जमली ती एका बांधकाम इंजिनिअरशी. तो जुन्या इमारतींच्या चुन्यावर काम करणार होता, म्हणून त्याचं नाव चुनेवाला पडलं. त्याने काही उसनं मागितलं की लोक म्हणत, "बघ हं, चुना लावशील." तो बिचारा सगळं वेळेवर परत करायचा.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला आपापला प्रश्न मिळाला. बाई म्हणाल्या, "शहराच्या संग्रहालयात शिशाची खेळणी आहेत. अकराशे चाळीस सैनिक, बोटाएवढे. त्यांच्या अंगावर पांढरी भुकटी यायला लागली आहे. कशामुळे, ते शोध."

ती खेळणी कोणाच्या कपाटांत आहेत हे धाकटीला माहीत होतं, पण तिने ते सांगितलं नाही. संग्रहालयात गेली. क्युरेटर एक उंच, काळजीने वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला थेट खेळण्यांच्या दालनात नेलं. समोर ओकची आठ कपाटं उभी, मधासारख्या रंगाची, झळझळीत. आत रांगेने सैनिक. कोणाच्या टोपीवर, कोणाच्या घोड्याच्या पाठीवर पिठूळ पांढरा थर. एका ढोलवाल्याचा हात तर गळूनच पडला होता.

"कपाटांचं काम बघा किती सुंदर आहे," क्युरेटर म्हणाले. "कोणी सफाईचं द्रावण दोषी धरतं, कोणी दमटपणा. कपाटांमुळेच हे सैनिक इतके दिवस टिकले, असं मी सगळ्यांना सांगतो."

तिने प्रत्येक कपाटात हवा शोषून घेणाऱ्या बारीक नळ्या टांगल्या. चार आठवड्यांनी त्या तपासल्या. पाच कपाटांत ॲसिटिक आम्ल, व्हिनेगरमध्ये असतं तेच, भरपूर. उरलेल्या तिन्हींत नावालाच. प्रयोगशाळेत तिने बंद बाटलीत ओकचे चार तुकडे, थोडं पाणी आणि चकचकीत शिशाची पट्टी ठेवली आणि बाटली ओव्हनमध्ये ठेवून दिली. या परीक्षेला अठ्ठावीस दिवस लागतात. एकोणिसाव्याच दिवशी पट्टी पांढरी दिसायला लागली. ओकच्या लाकडातून सावकाश आम्लाची वाफ निघते आणि शिशाला ती बाधते. पुस्तकांत हे लिहिलेलं होतं. आता ते तिच्या हातातही होतं.

घरी जेवताना बाबा रोज विचारत. "कपाटं कशी आहेत माझी?"

"छान आहेत, बाबा."

"बिजागऱ्या कुरकुरत नाहीत ना?"

"नाही."

असं तीन आठवडे चाललं. शेवटी तिने निदान बाईंना तरी सांगायचं ठरवलं.

"बाई, एक सांगायचं राहिलंय. ती कपाटं माझ्या बाबांनी केली आहेत."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि आज सांगतेस."

"मला वाटलं, लाकडाचा संबंध नसेल. मग वाटलं, असला तरी थोडा असेल."

बाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. "तुझे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण उद्या कोणी विचारलं की पोरीने बापाला सांभाळून घेतलं का, तर तुझ्याकडे उत्तर पाहिजे. मोजमाप पुन्हा होईल. नळ्या चुनेवाला लावेल, तपासीन मी. कोणती नळी कुठल्या कपाटातली हे मलाही माहीत नसेल. तू त्या दालनात महिनाभर पाऊल टाकायचं नाहीस. आणि हे सगळं प्रबंधात लिहायचं, पहिल्याच प्रकरणात. कळलं?"

"कळलं."

"आणि घरी सांग. माझ्याआधी त्यांना सांगायला हवं होतंस."

चुनेवाल्याचे आकडे आले ते तंतोतंत तेच. पाच वाईट, तीन चांगली.

रविवारी सकाळी ती कारखान्यात उतरली. बाबा रंधा मारत होते, काका चहा पीत बसले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. रंधा थांबला नाही. लाकडाच्या सुरळ्या पडत राहिल्या. मग बाबा म्हणाले, "लाकूड मेलेलं असतं. ते काय ओकणार?"

काका कपातून वर न बघता म्हणाले, "दादा, नावातच आहे. ओक."

एरवी या विनोदावर बाबा हसले असते. त्या दिवशी त्यांनी रंधा खाली ठेवला, हात झटकले आणि वर निघून गेले.

चार दिवस घरात अबोला. बाबा सगळं आईच्या मार्फत बोलत. "तिला सांग, भाजी पुढे सरकव." धाकटी समोरच बसलेली असे. आई पहिले दोन दिवस निरोप पोचवत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी काही पोस्ट उघडलेलं नाही," आणि भाजीचं भांडं उचलून आपल्याजवळ ठेवलं. पाचव्या दिवशी आईच्या लक्षात आलं की ओट्याखालच्या काचेच्या बरण्या कमी झाल्या आहेत. एकदोन नव्हे, अकरा.

बरण्या कारखान्यात सापडल्या, गरम पाण्याच्या टाकीवरच्या फळीवर ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत लाकडाचा एकेक तुकडा आणि गळाला लावतात ती शिशाची एकेक गोळी, कानशीने घासून लख्ख केलेली. झाकणांवर बाबांच्या सुबक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: ओक, साग, देवदार, प्लायवूड. एका बरणीत लाकडाऐवजी वाळलेला पांढरा डिंक होता, त्यांच्या रोजच्या वापरातला. बाबा फळीसमोर स्टुलावर बसले होते.

धाकटी गुपचूप शेजारी उभी राहिली. तिला दोन चुका दिसल्या. सांगावं की नाही, हा प्रश्न पडला. मग तिला वाटलं, इतके दिवस न सांगूनच सगळा घोळ झालाय.

"बाबा, प्रत्येकीत थोडं पाणी लागेल. दमट हवा असल्याशिवाय होत नाही."

बाबांनी मान हलवली. चार दिवसांत तिच्या बोलण्याला दिलेलं हे पहिलं उत्तर.

"आणि एक बरणी रिकामी ठेवा. नुसती गोळी आणि पाणी."

"रिकामी कशाला?"

"रिकामीतली गोळीसुद्धा पांढरी झाली, तर दोष लाकडाचा नाही. बरणीचा, नाहीतर पाण्याचा."

बाबांनी यावर बराच विचार केला. "म्हणजे साक्षीदार," ते म्हणाले.

"हो. साक्षीदारच."

त्यांनी बारावी बरणी मागायला आईकडे माणूस पाठवला नाही, स्वतः गेले. आईने बरणी दिली आणि वर ताकीदही दिली: रोज उघडून बघायचं नाही, नाहीतर सगळ्या परत घेईन. बाबांना खरोखरच राहवत नसे. ते झाकणाला कान लावत. काका म्हणत, "दादा, आम्ल बोलत नसतं."

अठ्ठावीस दिवस झाल्यावर चौघेजण फळीसमोर उभे राहिले. साक्षीदार गोळी जशीच्या तशी. सागाच्या बरणीतली किंचित धूसर. ओकच्या बरणीतली गोळी पिठात लोळवल्यासारखी पांढरी. आणि डिंकाच्या बरणीतली तिच्याइतकीच.

"डिंकसुद्धा?" बाबा म्हणाले.

"डिंकसुद्धा, बाबा."

बाबा ती गोळी तळहातावर घेऊन बसून राहिले. धाकटीला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे. आणि बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी लाकडाशी बोलतोय, आणि हे त्याने मला एकदाही सांगितलं नाही." मग डोळे पुसून म्हणाले, "आता त्या तीन कपाटांचं काय? लाकूड एकाच ओंडक्यातलं होतं. डिंक एकाच डब्यातला. तिथे का नाही?"

हाच प्रश्न धाकटी आणि बाई दोन महिने चघळत होत्या. दोघींनी ऊन बघितलं, दमटपणा बघितला, दालनातली जागा बघितली. तीन चांगली कपाटं खिडकीजवळही नव्हती आणि भिंतीलगतही नव्हती, मधूनमधून विखुरलेली. त्यांतले सैनिक कुठून वेगळे आणले होते म्हणावं, तर तसंही नाही. बाईंनी फळ्यावर काढलेल्या आकृत्यांवर प्रश्नचिन्हांची रांग झाली होती.

"मी येऊन बघू का?" बाबांनी विचारलं.

धाकटीने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "सुतारांनी कपाट बघायला परवानगी कसली मागायची?"

ठरलेल्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. काका बरोबर होते, शर्ट बिनइस्त्रीचा. क्युरेटरनी दोघांना खुर्च्या दिल्या. दोघेही बसले नाहीत. बाबांनी खिशातून पातळ कागदाची एक पट्टी काढली. पहिल्या कपाटापाशी गेले आणि दाराच्या फटीत ती घालायचा प्रयत्न केला. कागद शिरेना. बाबांच्या चेहऱ्यावर नकळत जुना अभिमान आला. दुसरं कपाट, शिरेना. तिसऱ्याला पट्टी सुर्रकन आत गेली. वरून खालपर्यंत कुठेही न अडकता फिरली.

बाबा थांबले. त्यांनी उरलेली पाचही कपाटं तपासली. तिसरं, सहावं आणि सातवं, कागद सरळ आत. धाकटीच्या वहीत चांगली म्हणून नोंदलेली तिन्ही तीच.

बाबा सावकाश वळले. "ही तीन कोणी केली?"

काका छताकडे बघत होते.

"तूच म्हणाला होतास, दादा," काका म्हणाले. "उद्घाटन तोंडावर आलंय, हात चालव. मी चालवला."

"आणि मी बघितली नाहीत?"

"बघितलीस. चार शिव्या दिल्यास. मग उद्घाटन झालं."

बाईंनी आधी बाबांकडे बघितलं, मग काकांकडे, मग वहीकडे. "म्हणजे तुमच्या कपाटांत," त्या बाबांना म्हणाल्या, "जी वाफ तयार होते ती तिथेच कोंडून राहते. आणि यांच्या कपाटांतून ती..."

"निघून जाते," काका म्हणाले. "दाराआड माणूस गुदमरेल, हे मी तीस वर्षं सांगतोय. सैनिकही माणसंच."

अंदाज बरोबर असला तरी अंदाज म्हणजे संशोधन नाही, हे आता धाकटीला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने प्रत्येक कपाटात थोडा कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेळात कमी होतो ते मोजलं. बाबांच्या कपाटातली हवा पूर्ण बदलायला दहा दिवस लागत होते. काकांच्या कपाटातली हवा तीन तासांत बदलत होती. तिने आकड्यांचा आलेख काढला, तेव्हा इतके महिने जुळत नसलेले सगळे ठिपके एका रेषेवर येऊन बसले. त्या दिवशी ती प्रयोगशाळेतून घरापर्यंत चालत गेली. बसची आठवणच झाली नाही.

काकांच्या चालीत काही दिवस फरक पडला होता. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते आता स्वतः ती गोष्ट सांगत. बाबा ऐकून घेत. एकदा मात्र म्हणाले, "पण धूळ? तुझ्या तिन्ही कपाटांत धुळीचा थर बोटभर आहे, ते कोण सांगणार?" ते खरंच होतं. काकांच्या कपाटांतले सैनिक निरोगी होते, पण कळकट.

धाकटीने संग्रहालयाला जो अहवाल दिला, त्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या. शिशाचे सगळे सैनिक धातूच्या कपाटांत हलवावेत. ओकची कपाटं टाकून देऊ नयेत, त्यांत लाकडी खेळणी ठेवावीत, आणि मागच्या बाजूला हवा खेळायला भोकं पाडून त्यांवर धूळ अडवणारी बारीक जाळी बसवावी. क्युरेटरनी अहवाल दोनदा वाचला. पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडला, दुसऱ्यांदा जरा उजळला. ढोलवाल्याचा हात बाईंच्या सहकाऱ्यांनी जोडून दिला.

भोकं पाडायचं काम साहजिकच दोघा भावांकडे आलं. बाबा पहिल्या कपाटाच्या पाठीमागे ड्रिल घेऊन बराच वेळ नुसते उभे होते. दहा वर्षांपूर्वी त्याच फळीवरून त्यांनी दिवसभर हात फिरवला होता. काकांना ते दिसलं. ते जवळ आले आणि या खेपेला त्यांनी विनोद केला नाही. "दादा, मी करू?"

"नको," बाबा म्हणाले. "माझं मी करतो. तू मोजपट्टी धर."

काकांनी पट्टी धरली, बाबांनी भोकं पाडली. प्रत्येक कपाटाला चोवीस, सगळी एका ओळीत, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर पितळी जाळी. क्युरेटर म्हणाले, "मागच्या बाजूला आहेत, कोणाला दिसणार नाहीत."

"म्हणूनच नीट केली," बाबा म्हणाले.

प्रबंध लिहायला आणखी दीड वर्ष गेलं. त्या काळाबद्दल धाकटी फारसं बोलत नाही. एवढंच सांगते की बाईंनी तिसरं प्रकरण सात वेळा परत पाठवलं, आणि सातव्या वेळी समासात फक्त "बरं" लिहिलं होतं, ते पान तिने जपून ठेवलंय. पहिल्या प्रकरणात तिने कपाटं कोणी केली ते स्वच्छ लिहिलं. चुनेवाल्याचे आकडे स्वतःच्या आकड्यांशेजारी छापले.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक परीक्षक आले होते, नावाजलेले, आणि बोलण्यात कमालीचे सौम्य. सौम्य परीक्षक सगळ्यात धोक्याचे, असं चुनेवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं. अडीच तास प्रश्न झाले. शेवटी ते म्हणाले, "पान एकशे बारा. वायूची चाचणी करण्याआधी तुम्ही कागदाची पट्टी वापरली आहे. स्वस्त आहे, पटकन होते, आणि तुमच्या आकड्यांशी जुळते आहे. ही पद्धत कोणाची? संदर्भ दिलेला नाही."

धाकटी म्हणाली, "माझ्या वडिलांची. ते सुतार आहेत."

"त्यांनी ती कशासाठी वापरली होती?"

"आपलं काम चांगलं झालं की नाही ते बघायला. आयुष्यभर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मग तसा संदर्भ द्या. दुरुस्ती म्हणून मी एवढीच लिहितो."

बाहेर जिन्यावर आई, बाबा आणि काका पायऱ्या अडवून बसले होते. निकाल आणि ती दुरुस्ती ऐकल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "एकशे बारा पानावर नेमकं काय लिहायचं? आडनाव आधी की नाव आधी?"

आता धाकटी संग्रहालयातच नोकरीला आहे. दोन खोल्यांची छोटी प्रयोगशाळा आहे, आणि दरवर्षी विद्यापीठातले नवे विद्यार्थी तिच्याकडे शिकायला येतात. त्यांच्या वेळापत्रकात लाकडाचा एक दिवस असतो, आणि तो दिवस बाबा घेतात. पहिल्या वर्षी त्यांना एक तास दिला होता. ते तीन तास बोलले आणि मध्ये पाणीसुद्धा प्यायले नाहीत. काका टेबलावर नमुने मांडतात. एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, प्रयोगासाठी एक फटीचं दार मुद्दाम करून द्याल का? काका गंभीरपणे म्हणाले, "मुद्दाम नाही जमत, बाळा. ते आतून यावं लागतं."

मागच्या आठवड्यात आई धाकटीच्या खोलीत आली. हातात चांदीच्या चार वाट्या, काळ्या पडलेल्या. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन त्या ठेवायचा ड्रॉवर उघडून बघून आली. वाट्यांच्या जागेशेजारी आईने वर्षानुवर्षं जमवलेल्या रबर बँडांचा हा एवढा गोळा होता.

"आई, ते रबर काढ तिथून. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते."

आई जागची हलली नाही. तिने वाट्या टेबलावर ठेवल्या, पदरात बांधून आणलेल्या दोन काचेच्या बरण्या त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसली.

"असं तोंडी नको," ती म्हणाली. "मोजून सांग."